चल, तू हवालदार हो

...आणि वर मलाच म्हणतात, तू पोलीस नीट करत नाहीस! आता तुम्हीच सांगा, सकाळची वेळ, गॅसवर कढई, कढईत मोहरी, एका हातात सांडशी, मुलीचा डबा व्हायचाय, आणि नवरा स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसतो, जेवायचं ताट दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखं धरतो आणि म्हणतो, "चल, तू हवालदार हो." मी काय पोलीस भरतीला बसले होते का? धावले होते का मी ग्राउंडवर?

थांबा, आधी ओळख सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई मधूनच काय सुरू झाली. मी दीपमाला बिऱ्हाडे, पाचोऱ्याची. आमचे हे, राजदीप, शाळेत प्रयोगशाळा सहायक आहेत. माणूस सरळ हो, तुम्हाला सांगते, इतका सरळ की मोकळ्या रस्त्यावरसुद्धा वळताना हात दाखवतो, गाडीला इंडिकेटर असून. तर जानेवारीत यांच्या शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताह झाला आणि तिथं जळगावचे कुणी वकील भाषणाला आले. विषय काय? तर पोलिसांनी गाडी अडवली तर वाहनचालकाचे हक्क. बाकीचे मास्तर लोक वडा खाऊन पांगले, हे पहिल्या रांगेत. वकीलसाहेबांना इतके प्रश्न विचारले की त्यांची परतीची बस गेली, मग आमच्याच घरी जेवले ते, कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि जेवता जेवताही यांचं चालूच. चावी काढून घेता येते का, मोबाईलमधले कागद चालतात का, अडवणाऱ्यानं नाव सांगायला पाहिजे का... वकील बिचारे घास तोंडात घेऊन माना हलवत होते. शेवटी जाताना म्हणाले, "बिऱ्हाडे साहेब, एवढंच ध्यानात ठेवा, विचारायचा आपल्याला हक्क आहे."

झालं! विचारायचा आपल्याला हक्क आहे. त्या दिवसापासून हेच. भाजीवाल्याला विचारतात, वांगी कालची आहेत का, विचारायचा आपल्याला हक्क आहे. डॉक्टरला विचारतात, ही गोळी कशाची. मला विचारतात, आज वरणात मीठ कुणी टाकलं. अहो, घरात मी एकटी टाकते मीठ!

आणि सकाळी तालीम. मी म्हणायचं, "गाडी बाजूला घ्या." हे ताट वळवून बाजूला घेणार. मग म्हणणार, "आपलं नाव काय? नेमप्लेट दिसत नाही." मी म्हणते, "दीपमाला." "तसं नाही गं, पद सांग." मी म्हणते, "हवालदार." तर म्हणे, "हवालदार असा मिळमिळीत बोलतो का, जरा दरडावून बोल." बरं, मी दरडावून बोलले, तर हे खूश होऊन म्हणतात, "हां! उद्धट बोलायचं नाही, तक्रार करायचा मला हक्क आहे." घ्या! म्हणजे हळू बोललं तर मी कच्ची आणि जोरात बोललं तर माझी तक्रार. मग मी चावी काढल्यासारखं करायचं. तिथं तर यांचा चेहरा बघायला पाहिजे तुम्ही, उजळतो नुसता. ताटासकट उठून उभे राहतात. "चावी काढायचा तुम्हाला अधिकार नाही. कुठल्या नियमात आहे ते दाखवा. विचारायचा मला हक्क आहे!" आणि तोवर माझी मोहरी जळून कोळसा झालेली असते.

बरं, एवढी तयारी केली, तर यांना कुणी अडवेल की नाही? कुणी अडवेना हो! जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. गाडी आमची जुनी घेतलेली, पण सगळं ठाकठीक, आणि चालवणार इतकी सांभाळून की पोलीस लांबूनच हात करतात, चला काका, चला चला. मुद्दाम नाक्यावरून चकरा मारल्या यांनी. एकदा तर स्वतःच थांबून हवालदाराला विचारलं, "तपासायचं नाही का काही?" त्यानं यांच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "काका, घरी काही झालंय का?" संध्याकाळी हे पडलेल्या चेहऱ्यानं घरी. "अगं, सगळे कागद होते, तरी अडवलं नाही." मी म्हटलं, "सगळे कागद होते म्हणूनच नाही अडवलं." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

आता खरी गोष्ट पुढं आहे. आमची मृणाली, जिचा डबा मी करत होते ती. तिचं आणि प्रशीलचं जळगावला कॉलेजात असल्यापासून जमलेलं. मुलगा चांगला, पुण्याला कंपनीत आहे, आम्हाला नाव ठेवायला जागा नाही. अडचण एकच, मुलाचे वडील. पितांबर नाना, भडगावचे. एस.टी.च्या डेपोत कंट्रोलर होते, माणूस वाईट नाही, पण रुसतो. आणि रुसला म्हणजे रुसला! सख्ख्या पुतणीची ठरलेली सोयरीक नानांनी मोडली, माहीत आहे का कशावरून? भरितावरून. पंगतीत नानांच्या आधी त्यांच्या मेव्हण्याला भरीत वाढलं. नाना ताटावरून उठले, पायात चपला घातल्या, संपली सोयरीक. अशा माणसाच्या घरात आमची मुलगी द्यायची होती, आणि लग्न महिन्यावर आलं होतं, आणि बस्ता बाकी होता.

बस्ता म्हणजे काही साधी खरेदी नाही, तुम्हाला माहीतच आहे. दोन्ही घरची माणसं एका दुकानात, एका गादीवर. आमच्याकडे रीत अशी की पहिल्या कापडाला नवऱ्या मुलाच्या बापानं हात लावायचा, मग पुढचं. नानांनी हात लावला नाही तर बस्ता झाला नाही, आणि बस्ता झाला नाही तर... पुढचं मी बोलत नाही. त्या दिवशी सकाळी मृणाली स्वयंपाकघरात आली, माझ्या पदराचं टोक धरलं, लहानपणी धरायची तसं, आणि म्हणाली, "आई, आजचा दिवस नानांना कुणी काही बोलू नका. पप्पांना सांग." एवढी शिकलेली मुलगी, शाळेत पोरांना शिकवते, आणि घाबरली होती.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "कळतं मला."

ठरलं असं की आम्ही पाचोऱ्याहून निघायचं, भडगावला नानांना आणि विहीणबाईंना घ्यायचं, आणि एकाच गाडीतून धुळ्याला जायचं. आता आमच्या गाडीत बसायचे नियम. हे चालक, त्यामुळं चाकाला हात लावायच्या आधी सगळ्यांचे पट्टे तपासणार. नुसतं लावला म्हटलेलं चालत नाही, ओढून बघतात. पाचोऱ्यात मला आणि मृणालीला मागच्या सीटवर आवळून बसवलं. भडगावला नानांसमोरच आमचे पट्टे परत ओढून बघितले; विहीणबाई बसल्या, द्रौपदाबाई, गरीब स्वभावाची बाई, त्यांनाही म्हणाले, "ताई, पट्टा घ्या, मी दाखवतो," आणि कुठं अडकवायचा ते दाखवून परत ओढून बघितला. आणि पुढच्या सीटवर बसले नाना. मानाची जागा, व्याही पुढंच बसणार. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी, आणि पट्टा... नाही.

आमचे हे चावी लावून बसले. नानांकडं बघितलं. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. आणि गाडी सुरू केली!

आता आमच्या गाडीला एक खोड आहे, पुढच्या माणसानं पट्टा लावला नाही की ती वाजते. टुंग... टुंग... टुंग. गावाबाहेर पडेपर्यंत टुंग टुंग. नानांनी विचारलं, "व्याहीबुवा, गाडीमा काय वाजी ऱ्हायनं?" आता हीच वेळ होती की नाही सांगायची? ज्या माणसानं भाजीवाल्याला सोडलं नाही, वकिलाला सोडलं नाही, तो माणूस काय म्हणाला असेल? म्हणाला, "काही नाही नाना, गाडीला सवय आहे." मागं मी आणि मृणालीनं एकमेकींकडं बघितलं. द्रौपदाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढं चहाला थांबलो. नाना उतरले, विहीणबाई उतरल्या, आणि मी बघते तर काय, आमचे हे मागं-पुढं बघतात, नानांच्या सीटचा पट्टा ओढतात आणि सीटच्या पाठीला टेकवून मोकळाच खटकन अडकवतात. म्हणजे गाडीला वाटावं पट्टा लागला! मी म्हटलं, "अहो, हे सांगितलं होतं का तुमच्या वकिलांनी?" म्हणाले, "गप्प बस. व्याही आहेत."

नाना आले आणि पट्ट्याच्या पुढं ऐसपैस बसले. टुंग टुंग बंद. यांचा जीव भांड्यात पडला आणि मग काय, तोंड सुटलं! पारोळा येईपर्यंत आणि पारोळा मागं पडल्यावरही यांनी नानांना सगळे हक्क ऐकवले. पोलिसाला नाव विचारता येतं. चावी काढता येत नाही. मोबाईलमधले कागद चालतात. चलन चुकीचं वाटलं तर आक्षेप घेता येतो. भाजीवाल्याची वांगीही सांगून झाली. नाना मान डोलवत होते, मांडीवर थाप मारत होते. "बठ्ठा कायदा तुमले पाठ शे, व्याहीबुवा!" आणि आमचे हे लाजून म्हणतात, "विचारायचा आपल्याला हक्क आहे, नाना." मला वाटलं, जमलं बाई. असाच धुळ्यापर्यंत खूश राहू दे हा माणूस.

आणि धुळ्याच्या अलीकडं... हात आला आडवा. गाडी बाजूला घ्या!

तुम्हाला सांगते, यांचा चेहरा उजळला हो. इतक्या दिवसांनी! काच खाली केली, छाती पुढं काढली, तोंड उघडलं... तर समोर एक तरुण फौजदार मॅडम, आणि त्याच आधी बोलल्या. "नमस्कार. मी पोलीस उपनिरीक्षक सादिया पिंजारी, वाहतूक शाखा. माझ्या खांद्यावर कॅमेरा सुरू आहे." यांचं तोंड उघडंच राहिलं. नाव विचारायचं होतं ना, नाव सांगून टाकलं. हे म्हणाले, "चावी..." मॅडम म्हणाल्या, "चावी तुमच्याकडंच राहू द्या काका, फक्त गाडी बंद करा." हे म्हणाले, "कागद..." मॅडम म्हणाल्या, "मोबाईलमध्ये असतील तर चालतील." अहो, माझ्या किती सकाळी गेल्या होत्या त्या तालमीत, आणि ही पोरगी एकेक हक्क यांच्या हातात असा ठेवत होती की यांना मागायला काही उरलंच नाही. दरडावणं तर लांबच, आवाज इतका गोड की मला वाटलं मीच खाली उतरून थोडं दरडावून यावं, यांची हौस तरी भागेल.

मग मॅडम वाकल्या, आत नानांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "काका, पट्टा लागलेला आहे, पण तुम्ही त्याच्या पुढं बसला आहात."

नानांनी मान वळवून पाठीमागं बघितलं, पट्टा बघितला, मग यांच्याकडं बघितलं. आणि म्हणाले, "व्याहीबुवा, बोला ना. तुमले तं बठ्ठं माहीत शे."

आता काय बोलणार? पट्टा सीटमागून अडकवलेला, नाना पुढं, कॅमेरा सुरू. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "गाडीत बसलेल्यानं पट्टा लावला नाही तर जबाबदारी चालकाची असते. तुम्ही यांना लावायला सांगितलं होतं का?"

बघा प्रश्न कसा. सांगितलं होतं म्हणावं, तर खोटं, शिवाय नाना हट्टी ठरले, चारचौघांत अपमान झाला. नव्हतं सांगितलं म्हणावं, तर एवढ्या अभ्यासाची माती झाली. मृणालीनं माझा हात घट्ट धरला होता.

हे म्हणाले, "नाही मॅडम. मी सांगितलं नाही. माझी चूक आहे."

"का नाही सांगितलं?"

हे खाली बघून म्हणाले, "व्याही आहेत."

मॅडमना काही कळेना. पण त्यांच्या मागं एक वयस्कर हवालदार उभे होते, त्यांना लगेच कळलं. "मॅडम, व्याही शेतस, नही सांगता येत." मग मॅडमना बाजूला घेऊन सांगायला लागले, त्यांचे स्वतःचे व्याही त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसतात, आणि हेल्मेटचं नाव काढायची हवालदारांची छाती होत नाही, म्हणून ते गावात मागच्या गल्लीनं जातात. पोलीस असून! मॅडम हसल्या, पण हातातलं मशीन काही थांबलं नाही. यांच्या मोबाईलवर चलन वाजलं. आणि शेवटी मॅडम म्हणाल्या, "मान्य नसेल तर आक्षेप घेता येतो काका, तो तुमचा हक्क आहे." म्हणजे तेवढं एक वाक्य शिल्लक होतं, तेही त्यांनीच म्हणून टाकलं. हे म्हणाले, "नाही, बरोबर आहे तुमचं."

पण मी यांच्याकडं बघतच नव्हते, मी नानांकडं बघत होते. नानांनी पिशवी उचलली. दार उघडलं. खाली उतरले. "तुम्ही या गाडीमा. दुकान माले माहीत शे." आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या रिक्षात जाऊन बसले.

संपलं, म्हटलं. भरीत झालं.

द्रौपदाबाई उठायला लागल्या, पट्ट्यानं त्यांना परत खाली बसवलं. मृणाली रडत नव्हती, नुसती समोर बघत होती, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. रिक्षा निघाली, आम्ही तिच्या मागं. आणि तुम्हाला सांगते, रिक्षा इतकी हळू, इतकी हळू, की सायकलवाले तिला मागं टाकून जात होते, आणि आमचे हे तिच्या मागं-मागं. मागून ट्रक हॉर्न देतायत, टेम्पोवाले शिव्या घालतायत, मी म्हटलं, "अहो, घ्या की पुढं." तर म्हणाले, "व्याह्याला ओव्हरटेक कसं करणार?" अख्ख्या धुळ्यातून आमची वरात अशी गेली. पुढं रिक्षात रुसलेले व्याही, मागं गाडीत आम्ही.

दुकानात गाद्या, पांढऱ्या चादरी, थंड पाणी. नाना गादीवर बसलेच नाहीत, दाराशी खुर्ची घेतली. पाणी आलं, नको. चहा आला, नको. चहा नको म्हणजे काय, हे आपल्याकडं समजावून सांगावं लागत नाही. दुकानातला माणूस लाल शालू उलगडायला लागला तेव्हा द्रौपदाबाई हळूच म्हणाल्या, "पांढऱ्या दाखवा भाऊ, काठाच्या. आमच्यात नवरी पांढरी नेसते." मग त्यानं पांढऱ्या साड्यांचा ढीग लावला, निळ्या काठाची, सोनेरी काठाची, एकाहून एक, आणि सगळे बसून राहिले. कारण पहिला हात नानांचा. नाना रस्त्याकडं बघतायत. दुकानदारानं पंखा वाढवला. मृणाली त्या साड्यांकडं बघेसुद्धा ना.

मग आमचे हे उठले. नानांसमोर जाऊन हात जोडले. मला वाटलं आता पाया पडतात की काय. म्हणाले, "नाना, चुकलं माझं. चलन माझ्या नावावर आहे, तुमच्यावर काही नाही. माझ्यामुळं तुमचा चारचौघांत अपमान झाला."

नानांनी रस्त्यावरची नजर यांच्याकडं वळवली. मग म्हणाले, "चुकलंच तुमचं. पन ते नही."

यांचे जोडलेले हात खाली आले.

"विहीनबाईले सांगं, पट्टा लावा. पोरले सांगं. आमना मंडळीले दाखाडी दिधं. मी भडगावपाईन देखी ऱ्हायनू, आते माले सांगतीन, मंग सांगतीन. माले नही सांगं. मी एकलाच परका शे का?"

हे म्हणाले, "अहो नाना, मी मान म्हणून..."

"माले लावता येत नही तो पट्टा." नाना खालच्या आवाजात म्हणाले, दुकानदाराला ऐकू जाऊ नये म्हणून, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "बठ्ठी जिंदगी एस.टी.मा गयी. मोटारमा पुढे बसानी सवय नही. तुम्ही एक डाव सांगतात, ते मी म्हनतू, लाई द्या. माणूस आपला माणूसलेच सांगस ना? पोलीसले इचाराना हक्क शे, भाजीवालाले इचाराना हक्क शे, अन व्याहीले सांगाना हक्क नही का तुमले?"

तुम्हाला सांगते, एवढा बोलका माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, आणि मलाही आलं, कारण आम्ही त्या माणसाला घाबरून सांभाळत होतो आणि तो भडगावपासून वाट बघत होता, कुणीतरी हाताला धरून सांगेल म्हणून. द्रौपदाबाई पदरानं नाक पुसत मला म्हणाल्या, प्रशील आला की तो लावून देतो त्यांना, आज मी खूण केली तर माझ्यावरच डोळे वटारले. अहो बाई, मग मला तरी खूण करायची! पण त्याही कशा करणार, मी त्यांची विहीण.

शेवटी यांनी नाक ओढलं आणि विचारलं, "मग नाना, आता सांगू का?"

"सांगा."

"चहा घ्या."

"आना," नाना म्हणाले.

चहा आला, नानांनी बशीत ओतून प्याला, उठले, गादीपर्यंत चालत आले आणि निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीवर हात ठेवला. मृणालीकडं बघून म्हणाले, "देख बेटा, आवडस का? नही आवडत ते तसं सांग." ती म्हणाली, "आवडली, नाना," आणि मग रडली. बस्ता झाला! दुपार टळेपर्यंत चालला, सगळं झालं, माझ्यासाठी एक साडी नानांनी स्वतः निवडली, रंग मला आवडला नाही, पण मी तसं सांगितलं नाही. माझी हिंमत अजून तेवढी नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, दीपमालाबाई, झालं ना सगळं गोड, मग तक्रार कशाची? ऐका. तक्रार इथून सुरू होते.

परत निघालो. यांनी वाकून नानांचा पट्टा ओढला, पोटावरून आणला, खटकन लावला, ओढून बघितला. नानांनी वरून हात फिरवला, एकदम समाधानी. पुढं तोच नाका आला, त्याच मॅडम, तेच हवालदार. नानांनी काच खाली केली, दोन्ही हातांनी पट्टा पुढं ताणून धरला आणि जाता जाता सगळ्या खात्याला दाखवला. हवालदारांनी सलाम ठोकला. इथवर ठीक होतं. मग नाना यांच्याकडं वळले आणि म्हणाले, "व्याहीबुवा, आते आपला समजीसन सांगस. हळू चालाडा."

आपला समजून! झालं. आपला समजून सांगतो, गिअर बदला. आपला समजून सांगतो, पुढे ट्रक आहे. समोरून एस.टी. आली की, "गाडी बाजूले दाबा, एस.टी.ले जाऊ द्या," मग ती एस.टी. आमच्या बाजूची असो की दुसऱ्या बाजूची. हॉर्न वाजवला तर का वाजवला, नाही वाजवला तर का नाही. धुळे ते भडगाव, सबंध रस्ता! आणि आमचे हे? "हो नाना. बरं नाना." त्यांचे ते चालकाचे हक्क... एकही निघाला नाही हो तोंडातून.

लग्न झालं, छान झालं, मुलगी सुखात आहे पुण्याला. पण नाना काही थांबले नाहीत. सकाळी हे शाळेला निघायच्या आधी फोन येतो, आपला समजून सांगतो, टायरमध्ये हवा बघा. संध्याकाळी फोन येतो, आपला समजून सांगतो, गाडी सावलीत लावा. रविवारी स्वतः येतात, पुढच्या सीटवर बसतात, पट्टा लावून घेतात आणि म्हणतात, चला, जरा चक्कर मारू. यांचं गाडी चालवायचं मनच उडालंय. परवा तर सायकल बाहेर काढली, नानांना कुठून कळलं कोण जाणे, फोन आला, सायकलचा ब्रेक तपासा.

आणि काल सकाळी... गॅसवर कढई, कढईत मोहरी, हातात सांडशी. हे आले, खुर्ची ओढली, ताट दोन्ही हातांनी धरलं. किती दिवसांनी! मला बरंच वाटलं, म्हटलं, आले बाई जाग्यावर. मी विचारलं, "हवालदार होऊ?"

म्हणाले, "नको. हवालदाराचं काही नाही. आज तू पितांबर नाना हो. आज मी उत्तर देणारच. मलाही हक्क आहे."

बरं, म्हटलं. सांडशी ठेवली, पोट पुढं काढलं, पदर खांद्यावरून पट्ट्यासारखा आडवा घेतला आणि मी म्हणाले, "व्याहीबुवा, आपला समजीसन सांगस... तो गॅस कमी करा."

यांनी छाती पुढं काढली, तोंड उघडलं... आणि तुम्हाला सांगते, "हो नाना" म्हणून उठले आणि गॅस कमी करून आले. चला, काल मोहरी तेवढी जळाली नाही.